माल तयार नाही

“ताई, लिलावाचे नियम मला शिकवू नका. माल पोचला नाही की कुणाची तरी मान धरायची असते. कुणाची धरू, तेवढं सांगा.”

दावेसाहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि खुर्चीत आणखी खोल रुतून बसले. ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागातली मुलगी पलीकडून गोड आवाजात क्षमा मागत होती. असल्या क्षमेला दावेसाहेब भीक घालणारे नव्हते. मालवाहतूक कंपनीतली सगळी नोकरी त्यांनी हरवलेल्या मालाचे दावे निकाली काढण्यात घालवली होती. पाठवणारा म्हणायचा मी दिला, नेणारा म्हणायचा मला मिळालाच नाही, आणि घेणारा कपाळाला हात लावून बसायचा. यातला खरा दोषी कोण, हे साहेब बसल्या जागी हुडकून काढत. दावेसाहेब हे नाव तिथंच पडलं. निवृत्तीनंतर नाव तेवढं घरी आलं, दावे तिकडेच राहिले.

आता मात्र त्यांचा स्वतःचाच माल अडकला होता. लिलावात जिंकलेली आरामखुर्ची! फोटो पाहताक्षणी ते तिच्या प्रेमात पडले होते. उन्हात झळकणारे तकतकीत लाकडी हात, वेताची ताठ पाठ. खाली लिहिलं होतं, ‘एकाच गृहस्थाने वापरलेली.’ तो गृहस्थ भलताच नशीबवान, असं साहेबांना वाटलं. विकायला काढतोय म्हणजे अक्कलशून्यही. त्यांची स्वतःची खुर्ची एक रजई, दोन उश्या आणि एक टॉवेल यांच्याखाली कुठेतरी होती. निवृत्तीपासून ते तिच्यावर आणि ती त्यांच्याखाली. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात राहावं लागलं, तेवढीच काय ती दोघांची ताटातूट.

या खरेदीचा घरात कुणालाही पत्ता नव्हता. मागे त्यांनी मागवलेल्या दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं, तेव्हाच सूनबाईंनी निक्षून सांगितलं होतं, “बाबा, आणखी एक असली खरेदी झाली, की ते ॲप मी तुमच्या फोनवरून काढून टाकणार.” सूनबाई बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. ॲप गेलं की दिवसभर खिडकीबाहेर बघण्याखेरीज साहेबांना काही काम उरणार नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्ची जुन्या ऑफिसच्या पहारेकऱ्याच्या नावाने मागवली होती. ऑफिसने उशिरा का होईना निरोपाची भेट दिली, ही थापही तयार होती. फक्त खुर्ची यायची होती.

“अहो, न्हाव्याकडे जाऊन येता का? केस कानावर आलेत,” बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली.

साहेबांनी तिला हातानेच वाटेला लावलं. काल तिने त्यांना फिरायला पिटाळायचा प्रयत्न केला होता आणि परवा मेव्हण्याची तब्येत बघायला. या बाईला नवरा घरात बसलेला बघवत नाही! साहेबांनी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. दावा निकाली लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. बायको पुटपुटत आत गेली.

“सर, विक्रेत्याचं म्हणणं आहे की माल तयार नाही,” मुलगी म्हणाली.

“कालही हेच, परवाही हेच! खुर्चीला तयार व्हायला काय लागतं हो? पावडर लावून यायचीय तिला?”

“आमचा पार्सलवाला रोज जातो, सर. रोज रिकाम्या हाताने परततो.”

“म्हणजे पार्सलवाला सुटला.” साहेबांना जुना हुरूप आला आणि आवाज चढला. “अहो, नाव काय लावलंय त्या विक्रेत्याने? ‘सुटका’! नावावरूनच कळतंय, पळपुटा माणूस आहे. लिहून घ्या. ज्याच्या ताब्यात माल आहे आणि जो हलत नाही, सगळी जबाबदारी त्याची. असल्या माणसाला दयामाया दाखवू नका. त्याचं खातं कायमचं बंद करा.”

“लिहून घेतलं, सर.”

दाराची बेल वाजली. बायको लगबगीने गेली आणि दबक्या आवाजात कुणाशी तरी बोलू लागली. साहेबांची पाठ दाराकडे होती. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. दावा आता अगदी हातातोंडाशी आला होता.

“सर, एक मिनिट,” मुलगी म्हणाली. “पार्सलवाला आत्ताच विक्रेत्याच्या दारात पोचलाय. त्यालाच लाइनवर घेऊ का?”

“घ्याच! होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.” कान तापला होता म्हणून साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. “हां दादा, घाबरायचं नाही. मी तुमच्या बाजूने आहे. आज कुठलं कारण सांगतायत ते लोक?”

उत्तर आधी पाठीमागून आलं आणि लगोलग तेच फोनमधून.

“बाई नंतर या म्हणतायत, साहेब. खुर्ची मला इथूनच दिसतेय, पण तिच्यात एक आजोबा ठाण मांडून बसलेत आणि मघापासून फोनवर कुणाशी तरी भांडतायत.”