एकच बोट

"डोळे मिटा," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकासाठी मनातल्या मनात प्रार्थना करा. एकेकासाठी झाली की एक बोट मिटा."

प्रार्थनामंदिराच्या सल्ला केंद्रातले सहा समुपदेशक गोल करून बसले होते. हे तर रोजचंच, यात कसलं आलंय प्रशिक्षण, असं पुटपुटत त्यांनी डोळे मिटले. त्यांतल्या एकाला बाकीचे देवमाणूस म्हणत. थोडं कौतुकानं, बरंचसं थट्टेनं. त्यानं तर बाईंचं बोलणं संपायच्या आतच सुरुवात केली होती.

"उघडा."

कुणाची एक मूठ मिटली होती, कुणाच्या दोन्ही. देवमाणसाचं एकच बोट मिटलं होतं, आणि बाई नेमक्या त्याच्याच समोर उभ्या होत्या.

"किती जण येतात तुमच्याकडे?"

"नऊ."

"आणि इतका वेळ एकासाठीच?"

"एकीसाठी," तो म्हणाला आणि त्याचे कान तापले. कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं.

बाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "समोर बसून कुणी जीव तोडून बोलतं, तेव्हा मन ओढ घेतं. माझ्याही मनानं घेतली होती एकदा. त्यात पाप नाही. पण आता तिला तुम्ही भेटायचं नाही. आजच दुसऱ्या कुणाकडे सोपवा. आणि आपलंच काही चुकलं, असं तिला वाटता कामा नये. जमेल?"

त्यानं मान हलवली. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यावर भागलं असतं, देवमाणूस देवमाणूसच राहिला असता. पण बाईंच्या त्या चांगुलपणानंच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाटत होतं त्याच्या फार पुढे तो गेला होता.

"बाई, मी मागितलं काय, ते विचारलं नाहीत तुम्ही."

"काय मागितलंत?"

"तिचा नवरा वर्षभर परगावी आहे, कामासाठी. ते काम आणखी लांबावं, असं मागितलं. आजच नाही. रोज मागतो."

शेजारच्यानं पाठीवरचा हात काढून घेतला.

"आणि ती तुमच्याकडे कशासाठी येते?"

त्याला मान वर करवेना.

"तो परत यावा म्हणून. दर वेळी निघताना म्हणते, तुम्ही मागितलंत तर देव ऐकेल."