घोंगडीचे अस्तर

तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कापसाचा पुंजका कमलाकरने चिमट्यात धरला आणि त्याला काडी लावली. कापूस काळा पडला, पण पेटला नाही.

"आता इंजिनाजवळ भरायला हरकत नाही," तो म्हणाला.

"म्हंजी जित्ता ऱ्हातो मी," हिंदुराव मोठ्याने म्हणाला. तो नेहमी मोठ्यानेच बोले. लॉरी चालवायला लागण्याआधी तो चौदा वर्षे मिलमध्ये मागांवर होता, आणि मागांवरची माणसे घरीही ओरडूनच बोलतात.

लॉरीचे मालक संगप्पा यांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. करकंबच्या रस्त्यावर एका साहेबाच्या मोटारीने मागून दोन मैल हॉर्न वाजवला, तरी हिंदुरावने बाजू दिली नव्हती. महिन्यातली ही दुसरी तक्रार.

"इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येनार, मालक?" एवढेच तो म्हणाला होता.

संगप्पांनी किल्ली काढून घ्यायला हात पुढे केला. चाळिशी उलटलेल्या माणसाला मिल परत घेत नव्हती, आणि लॉरीखेरीज हिंदुरावला दुसरे काही येत नव्हते. तेव्हा कमलाकर मध्ये पडला. तो पुण्याहून बी.एस्सी. होऊन आला होता आणि संगप्पांच्या पेढीवर इंग्रजी पत्रे लिही. दोष माणसाचा नसून लॉरीच्या खडखडणाऱ्या पत्र्याचा आहे, आणि पत्र्याचा आवाज बंद करता येतो, असे त्याने ठासून सांगितले.

"बंद झाला की नाही ते कळणार कसं?" संगप्पांनी विचारले.

"इंजिन चालू ठेवून मी हळू आवाजात वीस आकडे सांगेन. हिंदुरावांनी ते परत म्हणायचे. अठरा तरी बरोबर आले पाहिजेत."

हिंदुराव दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता. "तुमी कुटं बसनार, मास्तर?" खिशात पेन्सिल असते म्हणून सगळे कमलाकरला मास्तर म्हणत.

"तुमच्या शेजारी."

"मग करा की."

दुसऱ्या दिवसापासून दोघे कामाला लागले. पायाखालच्या फळ्यांतल्या फटी काथ्या आणि डांबराने बुजवल्या. आवाजाला करंगळीएवढी फट पुरते, हे कमलाकर पुन्हा पुन्हा सांगे. इंजिन आणि ड्रायव्हरचे पाय यांच्यामधल्या पत्र्याला सांगोल्याच्या घोंगडीचे दुहेरी अस्तर दिले आणि मध्ये तुरटीचा कापूस ठासला. छपराला आतून गोणपाट लावले. जुन्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या कापून प्रत्येक बोल्टाखाली घातल्या.

हिंदुराव दिवसभर हटत नव्हता. इंजिन सुरू करून तो पत्र्यावर तळवा टेकवी, डोळे मिटी आणि बोटभर सरकून सांगे, "हितं थरथरतंय. हितंबी एक चकती पायजे." तो सांगे तिथे नेमका बोल्ट सैल निघे. कमलाकरला कौतुक वाटे. कॉलेजातल्या उपकरणांनाही इतके अचूक जमले नसते.

चौथ्या दिवशी दुपारी हिंदुरावची बायको दगडाबाई भाकरी घेऊन आली. तीही मागांवर होती. इंजिन चालू होते. ती फाटकातच उभी राहून काहीतरी म्हणाली. कमलाकरला अक्षरही ऐकू आले नाही. हिंदुराव मात्र खदखदून हसला.

"काय म्हणाल्या?"

"मास्तरलाबी खाऊ घाल म्हनती. वाळून पार तुरीची काटकी झालाय."

कमलाकरही हसला. मग त्याने वही काढून टिपले: फाटक, अंतर साठ फूट, इंजिन चालू, हिंदुरावांना स्पष्ट ऐकू आले.

आठव्या दिवशी संगप्पा स्वतः लॉरीच्या पायरीवर चढून उभे राहिले. आत घरघर उरली होती, पण पूर्वीचा दणदणाट नव्हता. कमलाकर एकेक आकडा अगदी कुजबुजत सांगू लागला. हिंदुराव प्रत्येक वेळी अख्खा वळून त्याच्याकडे बघे. कोणी बोलत असता दुसरीकडे पाहायचे नाही, ही त्याची अदब कमलाकरला पहिल्यापासून आवडे.

वीस आकडे झाले. वीसच्या वीस बरोबर.

"शिकलेल्या माणसाचं खरं झालं," संगप्पा म्हणाले. "हिंदुराव, किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. उद्या पहाटे नातेपुत्याचा माल भरा."

हिंदुरावने किल्ली कपाळाला लावली. मग त्याने कमलाकरचे दोन्ही हात धरले.

संगप्पा पेढीवर गेले. कमलाकरचे मात्र समाधान झाले नव्हते. अस्तर लावण्याआधी मोजणी करायची राहून गेली होती, आणि आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला किंमत नाही. आवारात दुसऱ्या ड्रायव्हरची, भीमाची, लॉरी होती. तीच बनावट, तेच वय, पण आत नुसता पत्रा.

"आता आनी कशाला?" हिंदुराव म्हणाला.

"पाच मिनिटं. इथं तुम्हाला जमणार नाही, तेच मला लिहून ठेवायचं आहे."

हिंदुराव नाइलाजाने चढला. भीमाने हँडल मारले. इंजिन सुरू होताच पत्रा असा धडधडू लागला की कमलाकरला स्वतःचा आवाज ऐकू येईना. तरी मघाइतक्याच हळू आवाजात त्याने वीस आकडे सांगितले.

वीसच्या वीस बरोबर.

कमलाकरने वहीकडे पाहिले. पेन्सिल खाली ठेवली. बाहेर हात काढून त्याने भीमाला इंजिन बंद करायची खूण केली. आवार एकदम शांत झाले. घाम पुसायच्या निमित्ताने त्याने उपरणे तोंडावर घेतले आणि त्याआडून, छाती फुटेल इतक्या मोठ्याने, तो ओरडला, "सत्त्याण्णव!"

भीमा दचकून मागे सरला. पेढीच्या खिडकीत दोन डोकी आली.

"बोला की, मास्तर," हिंदुराव म्हणाला. "कवाधरनं वाट बघतोय."