गच्चीवरची मेथी

मेथीचा वाफा मोकळा दिसला आणि महादेवीनं कठड्यावरून खाली गल्लीत डोकावून पाहिलं.

दिवाळीनंतर तिनं गच्चीवर मेथी, पालक, वांगी लावली होती. सोलापूरची थंडी ती कितीशी! भाजी नुसती तरारून आली. पण दर दोन दिवसांनी कुणीतरी मेथी खुडून नेत होतं. काल संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. वांग्यावरच्या अळीसाठी भावानं शेतातून दिलेलं औषध तिनं मेथीवर मारलं. चोराचं पोट बिघडलं की पुन्हा फिरकणार नाही, एवढंच मनात होतं. आज सकाळी चष्मा लावून बाटली पाहिली, तर वर कवटीचं चित्र. मेथी उपटून टाकायला ती वर धावली होती.

तिचा संशय खालच्या भाडेकरणीवर, सोजरबाईवर होता. ती तशीच जिना उतरली. सोजरबाई परातीत मेथी निवडत होती. महादेवीनं परातच उलटी केली.

"अवो, ह्ये काय केलंसा?"

"कुणी खाल्ली का? पोरांना दिली?"

"आत्ता तर घेतली भाजीवालीकडनं. अजून धुतली बी न्हाय की."

"खरं सांगा. माझ्या मेथीवर विष आहे!"

सोजरबाईचा चेहरा उतरला. "तुमीच मारलंसा? माज्यासाठी?"

महादेवी सांडलेली मेथी परातीत भरू लागली.

"म्या तुमच्या गच्चीवर पाय बी ठेवला न्हाय," सोजरबाई उठली. "पर आदी नेणाऱ्याला हुडका. चला."

दोघींनी गल्लीतली दारं वाजवली. कुणीच मेथी खाल्ली नव्हती.

नऊच्या सुमारास तिचा नवरा, शंकरप्पा, सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परतला. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. त्यानं फाटकच गच्च धरलं.

"कशावर मारलंस? मेथीवर?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेथीचीच काही खबर असेल म्हणून महादेवीनंच तो घेतला. लग्नावरून दोन वर्षांपूर्वी तिनं घराबाहेर काढलेल्या लेकीचा, वैष्णवीचा, आवाज आला.

"आप्पा, आज तरी आईला सांगून टाका, मेथी तुम्ही आणून देता म्हणून. सातवा महिना लागलाय, दुसरं काही जातच नाही. आत्ता दोनदा वाढून घेतली बघा."