चौकटीत आलेली सावली

महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत आजोबा ब्रह्मदेशात लष्कराचे कॅमेरामन होते. पन्नास वर्षांनी त्यांच्या चित्रणाची कॅसेट देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी आली. शेजारच्या हौसाबाई युद्धात गेलेला नवरा पाहायला आल्या, आणि आजोबा नको म्हणत असताना मी ती लावली. ‘गोळी लागताच गेला, पाणीसुद्धा मागितलं नाही,’ या आजोबांच्या शब्दांवर हौसाबाईंनी वैधव्य काढलं होतं. पडद्यावर तो धुळीत पडला होता. ओठ हलत होते. ओंजळ कॅमेऱ्याकडे पसरली होती. चित्रण करणाऱ्याची सावली चुकून चौकटीत आली होती. सावलीच्या कमरेला पाण्याची बाटली लटकत होती. “वहिनी, मला हुकूम फक्त शूटिंगचा होता,” आजोबा पुटपुटले. मी घाईने टीव्हीकडे हात नेला. “राहू दे. परत लाव,” आजोबांवरची नजर न हटवता त्या म्हणाल्या. “या खेपेला तरी पाजतो का, बघू.”