शेवटची किल्ली

क्विंतोने एर्सिलियाच्या दाराला बाहेरून किल्ली लावली, तेवढ्यात समोरच्या खिडकीतून एलिदे ओरडलीच.

"घरात चिटपाखरू नाही आणि किल्ली कसली लावतोस? गेलेल्या बाईला हाका मारतोस की काय?"

"तिचा नातू येतोय कॅनडाहून. बायकोला घेऊन. घर बघायला."

"बघायलाच ना? मग बघेल आणि जाईल."

तिच्या तोंडी कोण लागणार? क्विंतोने आत जाऊन शेकोटी पेटवली. धुराड्यातून धूर निघाला, म्हणजे खालच्या वळणावरूनच पोराला दिसेल.

रोक्कास्पीना गावात दाराला बाहेरून किल्ली असली की घरात माणूस आहे. ढकला आणि आत या. माणूस गेलं की मातीहून परतताना शेजारी ती किल्ली काढून नेतो. म्हणून इथे कुणी 'मेला' म्हणत नाही, 'त्याची किल्ली काढली' म्हणतात. डोंगरमाथ्यावरच्या या गल्लीतल्या किल्ल्या एकेक करून क्विंतोनेच काढल्या होत्या. पोरंबाळं परदेशी, घ्यायला कुणी आलं नाही, त्या त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना लटकत राहिल्या. दारांवर उरल्या दोनच, त्याची आणि एलिदेची. तुझी मी काढणार की माझी तू, यावरून दोघांची रोज जुंपायची. ती चेष्टाच होती. पण एकटा असला की क्विंतोला वेगळंच खायचं. मागे जो राहील, त्याची कोण काढणार? गाव संपलं हे त्याला कळत होतं. त्याबद्दल त्याचं काही म्हणणंही नव्हतं. फक्त आपली किल्ली दारातच गंजत राहू नये, एवढंच त्याला हवं होतं.

डॅनी आला. धिप्पाड आणि हसरा, आजीकडून शिकलेले जुनेपुराणे शब्द बोलणारा. बायकोला, हेदरला, इथल्या भाषेचं अक्षरही कळत नव्हतं. ती सगळ्याकडे बघून हसत होती. एर्सिलियाच्या घरातल्या ओल धरलेल्या भिंती बघून दोघं क्विंतोकडे जेवायला आली. त्याने घेवड्याचं कालवण केलं होतं, मेंढीचं चीज कापलं होतं, ठेवणीतली वाइन काढली होती. जेवणं झाल्यावर हेदर फोटो काढत गल्लीतच रेंगाळली. दोघं पुरुष उतारावर ऑलिव्हच्या बागेत गेले.

फळं झाडावरच सुकली होती. पायवाट काटेरी वेलींनी गिळली होती.

"ही तुझ्या आजीची झाडं," क्विंतो म्हणाला. "छाटली तर अजून धरतील. पोरा, राहतोस का? बारा महिने नको. उन्हाळ्यापुरता ये."

डॅनीने झाडाच्या खोडावरून हात फिरवला.

"काका, खोटं कशाला बोलू? इथे राहून मी करू काय?"

पोरगा वाईट नव्हता. तसा असता तर राग तरी काढता आला असता.

गाडी खाली वेशीशी होती. दोघं तिथे पोचले तोवर हेदर धावतपळत आली आणि डॅनीच्या कानाशी काहीतरी बोलली.

"काका, आजीच्या दाराची किल्ली हिने आठवण म्हणून घेतलीय. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर लावू. चालेल ना?"

"ने. तुमचीच आहे ती."

गाडी वळणाआड गेली. क्विंतो शेकोटी विझवायला चढ चढू लागला. एर्सिलियाच्या दारापाशी येऊन तो थबकला. किल्ली जागच्या जागी होती.

क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडला. पोराचं मन बदललं असेल. नाहीतर किल्ली मागे कशाला ठेवेल? एलिदेला सांगायला तो लगबगीने निघाला. आता बोल म्हणावं.

एलिदे खिडकीत नव्हती. ती खाली उतरून त्याच्याच दारापुढे, जिरेनियमच्या कुंडीशेजारी उभी होती. कुलपाचं भोक रिकामं होतं.

"ती कॅनडावाली," एलिदे म्हणाली. "जेवली इथे, तिला वाटलं हेच आजीचं घर. ओढून काढली. मी वरून ओरडले, तर मला हात हलवून गेली."

क्विंतोने भोकावर बोट ठेवलं. मग त्याने हसून बघितलं.

"एर्सिलियाची लावू इथे. नाहीतरी सगळी कुलपं एकाच लोहाराची."

"दुसऱ्याची काढलेली कुणी आपल्या दाराला लावलीय का आजवर?"

एलिदेने शाल आवळून घेतली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"तुझी निघाली, क्विंतो. आता माझी कोण काढणार?"