उल्रिकाच्या पोटात

जगन्नाथने कलशाच्या तोंडावर लाल कापड पुन्हा बसवलं आणि जहाजाच्या दोरांना मारायचा तशी गाठ मारली. हाताला आता दुसरी येतच नव्हती. कलशात वाळू आणि लाकडाचा भुसा होता. मुलाच्या, शंतनूच्या अस्थी पांढऱ्या पुरचुंडीत बांधून त्याने ‘उल्रिका’च्या पोटात ठेवल्या, वर फळी बसवली. बायकोला, अहिल्याला फसवतोय याची लाज वाटली, पण काम पुरं केलं.

‘उल्रिका’ हे दीडशे वर्षांपूर्वीचं स्वीडनच्या नौदलाचं शिडाचं जहाज. अमेरिकेत ॲन आर्बरला शंतनू त्याच्यावरच पीएच.डी. करत होता. बर्फात गाडी घसरून तो गेला. तेव्हापासून चार वर्षं रिटायर्ड इंजिनिअर बाप त्याच्या टिपणांवरून बेसमेंटमध्ये त्या जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधत होता. पृथ्वीप्रदक्षिणा, नंतर कॅडेटांच्या सफरी, इथवरची पानं त्याला पाठ होती. शेवटचं पान तो टाळायचा. डोलकाठ्या उतरवून जहाज धक्क्याला बांधलं, अखेर जाळलं आणि राखेतून तांब्याचे खिळे वेचले.

अहिल्याला अस्थी नाशिकला गोदावरीत सोडायच्या होत्या. रोज कलश पुसायची, कापड झटकून पुन्हा सुरगाठ मारायची आणि कधी जायचं ते विचारायची. तो पुढच्या वर्षावर ढकलायचा. शेवटी तिने एकटीचं तिकीट काढलं, आणि निघायच्या आदल्या रात्री त्याने कलशात ही अदलाबदल केली.

निघायच्या सकाळी तो गाडीवरचा बर्फ खरवडून आत आला, तेव्हा ती कलश छातीशी धरून बेसमेंटचा जिना चढत होती. चार वर्षांत ती तिथे कधी उतरली नव्हती.

“तुमच्या जहाजाला नमस्कार करून आले,” ती म्हणाली. “शंतनूचंच ना ते.”

त्याला भरून आलं. एअरपोर्टपर्यंत सगळं सांगून टाकावं असं वाटत राहिलं, पण धीर झाला नाही.

तीन आठवड्यांनी ती परतली. सगळं नीट पार पडलं, एवढंच म्हणाली. त्या रात्रीपासून तिला झोपेच्या गोळीशिवाय झोप लागू लागली. तिने वाळूला हात जोडले, हे आठवून जगन्नाथला घास उतरत नसे. तरी मुलगा आपल्यापाशी आहे, याचा आधार होता.

शंतनूच्या वाढदिवशी तो बेसमेंटमध्ये गेला. फळी काढून पुरचुंडी मांडीवर घेतली.

गाठ एका ओढीत सुटली. सुरगाठ होती. आत वाळू होती आणि लाकडाचा भुसा.