नऊ नंबर

“तळव्यानं नोको मारू वं, बोटानं मार,” प्रीती म्हणाली आणि रितिकाच्या हातून निसटलेला बॉल तिनं धावत जाऊन आणला.

हा तिसरा दिवस. विक्रम सरांनी मंगळवारी चार पोरी तिच्यापुढे आणून उभ्या केल्या होत्या. चौघी दहावीच्याच, पहिल्या बाकांवरच्या. यांना बास्केटबॉल शिकव, अगदी इतिहासापासून, असं सर म्हणाले. शुक्रवारी खेळाचे वाढीव गुण तपासायला बाहेरून एक मॅडम येणार होत्या. शाळेत खेळाचं वातावरण दिसलं पाहिजे, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. प्रीतीला ते पटलं. सरांचं तिला सगळंच पटायचं. कामठीच्या स्पर्धेत त्यांनीच तिला हेरलं होतं, कन्हानच्या शाळेतून काढून महाल भागातल्या या शाळेत आणलं होतं आणि तिच्या आईला, प्रयागबाईला, शब्द दिला होता. पोरीनं खेळावं, दहावीचं मी पाहतो.

दहावीचं कोणीतरी पाहायलाच हवं होतं. गणिताचं आणि प्रीतीचं पहिलीपासून वाकडं. सराव परीक्षेत अठ्ठावीस पडले होते आणि पास व्हायला पस्तीस लागतात. पण तिच्या संघानं विभागाची स्पर्धा जिंकली होती. त्या खेळाचे गुण मिळाले की ती पास होऊन निघून जाणार होती. नाहीतर वर्ष पाण्यात, आणि पुन्हा याच शाळेतून फॉर्म भरायचा.

तिनं मन लावून शिकवलं. मुलींचा बॉल सहा नंबरचा, रिंग दहा फुटांवर, संघात बारा, मैदानात पाच. बॉल हातात धरून चालायचं नाही. टप्पे मारणं एकदा थांबवलं की पुन्हा सुरू करायचं नाही. आणि इतिहास असा, की आधी म्हणे फळांच्या टोपल्या उंचावर ठोकल्या होत्या. त्यांचं बूड काढायचं कोणाला सुचलंच नाही, म्हणून बास्केट झाली की एक माणूस शिडी चढून बॉल काढून द्यायचा. पोरी हसल्या. रितिकानं वही उघडून त्या माणसाचं नाव विचारलं. पुस्तकात खेळणाऱ्यांचीच नावं आहेत, प्रीती म्हणाली.

रितिका संस्थेच्या अध्यक्षांची भाची. मनीषनगरहून गाडीनं यायची. पोर वाईट नव्हती. बॉल तिच्या हातात टिकत नव्हता, पण ऐकलेलं सगळं डोक्यात टिकायचं. तिनं फायनलबद्दल विचारलं तेव्हा प्रीतीची कळी खुलली. आजवर तिला कोणी इतकं विचारलंच नव्हतं. एका गुणानं मागे होतो, तिनं सांगितलं, आणि दोन फ्री थ्रो माझ्या वाट्याला आले. गुडघा फुटलेला. समोरच्या पोरी टाळ्या वाजवून लक्ष उडवत होत्या. मग घरून निघताना आई रोज म्हणते ते आठवलं, ‘हळू जाय वं.’ तेवढं मनात म्हटलं आणि बॉल सोडला. दोन्ही वेळा.

शुक्रवारी मॅडम आल्या. सरांनी प्रीतीला रिंगखाली उभं केलं, बॉल परत द्यायला. मॅडम यादी वाचू लागल्या. चार नंबर, सहा नंबर, सात नंबर. संघात त्या तिन्ही नंबरांच्या पोरी नववीतल्या होत्या, पण पुढे झाल्या त्या दहावीतल्या तिघी. प्रीती बघत राहिली.

“नऊ नंबर?”

प्रीतीचा पाय उचलला गेला. पण रितिका आधीच पुढे गेली होती. तिच्या अंगात नऊ नंबरची जर्सी होती. कालच सरांनी धुवायची म्हणून मागून घेतलेली, खांद्यावर प्रयागबाईनं पिवळ्या दोऱ्यानं शिवलेली.

संघात नववीतल्या पोरी तीनच होत्या आणि त्यांना अजून दहावी बाकी होती. चौथ्या पोरीसाठी दहावीतल्या कोणाचा तरी नंबर काढावा लागणार होता. दहावीतल्या बाकीच्या खेळाडूंचे वडील शाळेत येऊन भांडले असते. प्रयागबाई आली नसती.

शेवटचे फ्री थ्रो कसे मारलेस, मॅडमनी विचारलं. रितिकानं घडाघडा सांगितलं. फुटलेला गुडघा, टाळ्या, सगळं. “मग आईचं आठवलं, हळू जाय वं,” ती म्हणाली, अगदी प्रीतीच्या सुरात. प्रीतीनं सरांकडे पाहिलं. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

मॅडमचा पेन थांबला. त्यांना काहीतरी खटकलं असावं. “एक मारून दाखव बरं,” त्या म्हणाल्या.

रितिका रेषेवर उभी राहिली. चुकू दे, प्रीती मनात म्हणाली, चुकू दे. आयुष्यात तिनं कोणाचं इतकं वाईट चिंतलं नव्हतं. रितिकानं बॉल उचलला. तिचं कोपर बाहेर गेलं होतं, तीन दिवस जात होतं तसंच. बॉल नक्की चुकणार होता.

“कोपर आत घे,” प्रीतीच्या तोंडून निघून गेलं.

रितिकानं कोपर आत घेतलं. बॉल बोर्डाला लागला, रिंगवर एकदा फिरला आणि आत पडला. प्रीतीनं तो उचलून परत दिला. मॅडम हसल्या आणि त्यांनी कागदावर सही केली.

निघताना त्यांनी रिंगखाली पाहिलं. “ती बॉल देणारी मुलगी हुशार दिसते, सर. पुढच्या वर्षी तिला संघात घ्या.”

विक्रम सरांनी मान वर केली नाही.

“हो मॅडम,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी ती इथंच आहे.”